तिनं रंगवलेली उत्तरपत्रिका

आमच्या वसतिगृहात कुणाला कोरा धडा वाचायला देणं म्हणजे उद्धटपणा समजला जायचा. कोरा म्हणजे न रंगवलेला. मोठ्या मुलीनं लहान मुलीला पुस्तक द्यायचं, तर निदान पहिला परिच्छेद तरी रंगवून द्यायचा. पाहुण्याला पाणी देताना पेला विसळून घेतो, तसं. हा रिवाज मी घातला नव्हता. मी फक्त रंग आणले. रिवाज मुलींनी आपला आपण घातला, आणि त्यातल्या सगळ्यात पक्क्या मुलीबद्दल सांगायला मी बसले आहे. तिचं नाव लिहिणार नाही. तिला विचारलेलं नाही, आणि तिला न विचारता तिच्यावर ढकललेल्या गोष्टी आधीच पुष्कळ आहेत.

मी ऊर्जानगरची. वडील वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. कंपनीची बस चुकली की सायकल, आणि सायकल पंक्चर असली की घरात सगळ्यांवर राग, असा त्यांचा दिवस सुरू व्हायचा. घरी आम्ही मले-तुलेच बोलायचो. बी.एड.ला बाहेरच्या शहरात गेले तेव्हा वर्गासमोरच्या पहिल्याच पाठात माझ्या तोंडून "मले वाटते" निघालं आणि चाळीस जण हसले. दिवाळीत घरी आले ती कॉलेज सोडायचं ठरवूनच. वडिलांनी समजूत वगैरे काढली नाही. रविवारचा पेपर जमिनीवर पसरला, खिशातली लाल-निळी पेन्सिल काढली आणि ओळींखाली रेघा मारायला लागले.

"जितं फरक आहे तितंच रेघ मारली. तेवढंच पाय," ते म्हणाले. "बाकी तं सारं आपलंच आहे."

मी पाहिलं. पानभर मजकुरात रेघा थोड्याच होत्या. दर रविवारी ते असं एक पान तयार करून पोस्टानं पाठवायचे, सोबत चिठ्ठी नाही, खुशाली नाही, फक्त रेघा. मी नियम एकही पाठ केला नाही. वर्ष सरता सरता माझी मराठी कुणाला हसण्याजोगी उरली नव्हती, आणि हसणाऱ्यांशी भांडायची माझी खुमखुमी मात्र कायम होती.

नोकरी लागली ती एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका आश्रमशाळेत. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. मुली घरी माडिया बोलायच्या. पाण्याला येर म्हणणाऱ्या या मुलींना मी 'जल, नीर, उदक' शिकवायला आले होते. समानार्थी शब्द त्या पटापट पाठ करायच्या. अडायचं ते वाक्यात. त्यांच्या बोलीत पुरुष एका बाजूला आणि बाई, बैल, दगड, झाड सगळे दुसऱ्या बाजूला. मराठीत मात्र दगड तो, माती ती आणि झाड ते. का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि व्याकरणाच्या पुस्तकाकडेही नव्हतं.

"बाई, नदी पोरगी आहे हे तुमाले कोनं सांगतलं?" असं एकीनं मला भर वर्गात विचारलं. मी तिला खाली बसवलं. मला राग लवकर येतो, आणि उत्तर येत नसलं की जास्तच लवकर येतो.

पहिल्या चाचणीत सगळ्या वर्गाची नदी, रस्ता, बैल, राणी सगळं 'आलं' आणि 'गेलं'. मी वह्या टेबलावर आपटल्या, तक्ते लटकवले, यादी घोकून घेतली. घोकलेली यादी त्या यादीसारखीच म्हणायच्या आणि पुढच्याच वाक्यात राणी पुन्हा 'गेलं' व्हायची. मग एका बाजारच्या दिवशी एटापल्लीत एका दुकानात मला चार रंगांचा पेन दिसला. वरच्या चार खुंट्या, जी दाबाल त्या रंगाची शाई. वडिलांचं रविवारचं पान आठवलं आणि मी तो घेऊन आले.

तो म्हणजे लाल, ती म्हणजे हिरवी, ते म्हणजे निळं. एवढंच ठरवलं. धड्यातल्या रस्त्याखाली लाल रेघ, मग 'मोठा'च्या शेपटीखाली लाल, 'गेला'च्या शेपटीखाली लाल. नदी हिरवी, तिच्यामागून वाक्यात जे जे येईल त्याच्या शेपट्या हिरव्या. नियम सांगितला नाही. वर्गात फक्त वाचायचो, आणि डोळे रंगावरून जायचे. तीन आठवडे काही झालं नाही. मुख्याध्यापक खिडकीतून डोकावून म्हणाले, "काय बाई, रंगपंचमी करून राह्यल्या का?" मला त्यांना फळा फेकून मारावासा वाटला.

चौथ्या आठवड्यात पाचवीतली एक बारकी मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "भाजी करपली!" करपलं नाही, करपली. तिच्या भाजीला रंग कुणीच दिला नव्हता. मी तिथंच उभ्या उभ्या तिला उचलून घेतलं, आणि तिला वाटलं भाजी करपली म्हणून बाईंना आनंद झाला.

सगळ्यांना असं जमलं नाही, हेही सांगायला हवं. काही मुलींना रंगच एवढे आवडले की धड्यात काय लिहिलंय याच्याशी त्यांना कर्तव्य उरलं नाही. एकीनं गणिताचं पुस्तक हिरवं करून टाकलं. पण बहुतेकींच्या तोंडात वाक्यं हळूहळू बसायला लागली, आणि मोठ्या मुली बारक्यांसाठी धडे रंगवायला लागल्या. दुकानदार नंतर नंतर ते पेन माझ्यासाठीच मागवायचा.

जिच्याबद्दल सांगायला बसले, ती तेव्हा आठवीत होती. दोन नाले ओलांडल्यावर तिचं गाव. उंच, सावकाश बोलणारी. वाक्य तोंडातच तपासून मग बाहेर काढायची, त्यामुळे नव्या माणसाला वाटे, हिला ऐकू येत नाही की काय. तिला नर्स व्हायचं होतं. दहावी पास झाली की गडचिरोलीला नर्सचं ट्रेनिंग मिळतं, हे तिनं कुणाकडून तरी पक्कं विचारून ठेवलं होतं. कारणही तिच्याकडे तयार होतं.

"नर्सबाई येते, गोळ्या कशा घ्यायच्या ते मराठीत सांगते," ती म्हणाली होती. "आमच्या बाया मान हालवते. समजत काईच नाई त्याईले. मी नर्स झाली तं दोन्हीकून सांगीन."

एवढ्यासाठी तिला मराठी हवी होती. वर्गात मराठी का शिकायची हे नेमकं ठाऊक असलेली ती एकटीच मुलगी होती. मला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

दुपारचं जेवण झालं की आम्ही दोघी शाळेच्या ओसरीवर बसायचो. पुढे पटांगण, त्यापुढे सागाची झाडं, आणि त्या वेळेला शाळेत इतकी शांतता असायची की सागाचं वाळलेलं पान पडलं तरी ऐकू यायचं. बारक्यांसाठी धडे रंगवायचं काम तिचं. तिनं मोठ्यानं वाचायचं, मी चुकलेलं सांगायचं. दहावीत जाईपर्यंत सांगण्यासारखं काही उरलं नाही आणि मग तिनंच माझं तपासायला सुरुवात केली. थकले, वैतागले की माझी घरची बोली बाहेर पडायची. ती पेनाची लाल खुंटी टक् करून दाबायची आणि तोंड अगदी गंभीर ठेवून म्हणायची, "बाई, तुमी आत्ता मले म्हनलं." मी हसत सुटायचे. ज्या गोष्टीनं मला एकदा कॉलेज सोडायला लावलं असतं, तिच्यावर मी त्या ओसरीवर पोट धरून हसले आहे.

मला तिथं दुसरं कुणी नव्हतं. शिक्षकांत मी एकटी बाई, घर दूर, पत्र आठवड्यानं यायचं. आपल्या विद्यार्थिनीला मैत्रीण म्हणणं बरं दिसत नाही, पण मी तेव्हा सकाळपासून दुपारच्या जेवणाची वाट बघायचे, हे खरं आहे. आजही जेवण झाल्यावर मला पंधरा-वीस मिनिटं कुठं बसावं ते कळत नाही. इतक्या शाळा झाल्या, इतक्या ओसऱ्या झाल्या, तशी दुपार पुन्हा झाली नाही.

दहावीच्या परीक्षेला जाताना मी तिला माझा पेन दिला. परीक्षेत कुठली शाई चालते आणि कुठली नाही, हे मला पाठ होतं. तिला सांगावं असं डोक्यातसुद्धा आलं नाही. मी सांगितलं, "घाई करू नको." ती कधीच घाई करायची नाही, पण मला काहीतरी सांगायचं होतं. परीक्षेचं केंद्र तालुक्याला होतं. मराठीचा पेपर देऊन ती बाहेर आली तेव्हा मी फाटकाशी उभी होते. तिचं तोंड फुललेलं होतं.

"वेळ उरला बाई. मंग सारं नीट करून ठेवलं."

मला वाटलं, अक्षर वगैरे. मी तिच्या पाठीवर थाप मारली.

जूनमध्ये निकाल आला. तिच्या नावापुढे गुण नव्हते, 'निकाल राखून ठेवला आहे' असं होतं. पंधरा दिवसांनी मंडळाचं पत्र आलं. मुख्याध्यापकांनी ते मला वाचून दाखवलं: उत्तरपत्रिकेत रंगीत शाईनं खुणा आढळल्या, तपासणाऱ्याला ओळख पटवण्याचा प्रयत्न असल्याचा संशय, विद्यार्थिनीनं शिक्षकासह म्हणणं मांडायला हजर राहावं. तिनं 'सारं नीट करून ठेवलं' म्हणजे काय केलं होतं, ते मला एका क्षणात कळलं. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "बाई, तुमची नोकरी अजून कायम झाली नाई. मी शिकवलं असं तितं बोलान तं ते तुमच्यावरच येईल. पोरगी लहान आहे, तिले सोडून देईन ते."

मला ते पटलं. पटवून घ्यायला मी तयारच होते.

मंडळाच्या कार्यालयात आम्हाला एका लांब टेबलासमोर बसवलं. पलीकडे तीन जण होते. मधल्या बाई वयानं मोठ्या, आवाजानं मऊ. त्यांनी उत्तरपत्रिका उघडून आमच्याकडे फिरवली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिनं सगळं रंगवलं होतं. लाल, हिरवं, निळं, रेघा पट्टीनं मारल्यासारख्या सरळ. मी शिक्षिका, मला राहवलं नाही. त्या खोलीत बसून मी तिच्या रेघा तपासल्या. दिसली तेवढ्या पानांवर एकही चूक नव्हती. माझा ऊर भरून आला, आणि ते तोंडावर दिसू नये म्हणून मी खाली बघितलं.

"हे कुणासाठी केलंस?" बाईंनी विचारलं.

तिनं वाक्य तोंडात तपासलं. "जो वाचेल त्याच्यासाठी."

"कोण वाचणार हे तुला माहीत होतं? ओळखीचं होतं कुणी?"

"नाई. ओळखीचं नाई म्हणूनच तं केलं. त्याले सोपं जावं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना काय ठाऊक, की आमच्याकडे अनोळखी माणसाच्या हातात कोरं पान ठेवत नाहीत? ते त्यांना सांगू शकणारं एकच माणूस त्या खोलीत होतं, आणि ते खाली बघत होतं.

"बाळ," त्या बाई म्हणाल्या, "असं करायला तुला कुणी शिकवलं असेल तर सांग. शाळेतली पद्धत असेल तर आम्ही विचार करू. तुझं वर्ष वाचेल." हे बोलताना त्या तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी माझ्यासाठी दार उघडं धरलं होतं. मी 'हो, मी शिकवलं' एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडात शब्द आले होते. मला वडिलांची निवृत्ती दिसली, ऊर्जानगरचं क्वार्टर सोडावं लागणार ते दिसलं, धाकट्या बहिणीचं शिक्षण दिसलं. सगळं खरं होतं. तरी मी भित्री होते, हेही तेवढंच खरं.

"कोनीच नाई शिकवलं," ती म्हणाली. "माझं मीच केलं."

बाहेर आल्यावर मी काहीतरी बोलायला गेले तर तिनं मध्येच सांगितलं, "चाला बाई, बस जाईन." येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मी शेजारी, आणि आलापल्लीपर्यंत आम्ही दोघी रस्ता बघत राहिलो.

तिच्या परीक्षेची संपादणूक रद्द झाली, म्हणजे सगळेच पेपर गेले. पुन्हा बसायची परवानगी होती. मी फॉर्म आणला, तिच्या गावच्या मुलीबरोबर दोनदा निरोप पाठवला. ती आली नाही. स्वतः जावं असं रोज वाटायचं आणि रोज मी दुसऱ्या दिवसावर ढकलायचे. शाळेत मी मुलींना सांगितलं की आता रंग बंद, परीक्षेला ते चालत नाहीत. पेन गोळा करून कपाटात ठेवले. आठवी-नववीच्या मुली काही दिवस कोरं पुस्तक बारक्यांच्या हातात देताना अवघडून उभ्या राहायच्या, मग त्यांनाही सवय झाली. पुढच्या वर्षी मी कायम झाले. आणखी तीन वर्षांनी माझी बदली पोंभुर्ण्याकडच्या शाळेत झाली.

तिथं एकदा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. बाहेरून आलेल्या एका साहेबांनी पडद्यावर धडा दाखवला. त्यात काही शब्द ठळक होते, काहींना पिवळा रंग. ज्या मुलांची घरची भाषा वेगळी आहे त्यांना भाषेची घडण अशी डोळ्यांना दाखवली की ती नकळत उचलतात, नियम नंतर सांगितला तरी चालतो, असं ते सांगत होते. सगळे भराभर लिहून घेत होते. माझ्या शेजारच्या सरांनी विचारलं, "बाई, तुम्ही लिहून नाई राह्यल्या?" मी उठून बाहेर गेले आणि हापशावर तोंड धुतलं. मला वाटलं, हे तिला सांगायला हवं. तू बरोबर होतीस, आता मोठमोठे लोक हेच सांगताहेत, हे तिच्या कानावर घालायला हवं. तेवढं केलं की माझ्या उरावरचं काहीतरी उतरेल, असंही वाटलं. ते कबूल करते.

पुढच्याच रविवारी मी निघाले. आष्टी, आलापल्ली, एटापल्ली करत, शेवटचा भाग कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, दोन्ही नाले ओलांडून गेले. हिवाळा होता, धानाची कापणी होऊन गेली होती. ती अंगणात बसून सुपात धान पाखडत होती. मला बघून ती लगेच उठली नाही. आधी नीट बघितलं, आणि मग "बाई" असं म्हणाली, इतक्या सावकाश, की मला रडू आलं.

तिनं पाणी आणलं, बाज टाकली. शेजारच्या दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. नर्सबाई महिन्यातून एकदा येते तेव्हा तिच्याशेजारी हीच बसते आणि दोन्हीकडचं सांगते, असं तिनं सांगितलं. नर्सबाई तिच्याशिवाय सुरुवात करत नाही. ट्रेनिंगचं काही बोलली नाही.

मी विचारलं, "फॉर्म भरायला का नाही आलीस?"

"सारे म्हने, कॉपी करून धरली पोरीले. बाबा म्हने, आता नोको जाऊ." ती साधेपणानं बोलली, तक्रार नव्हती. मला मात्र हे पहिल्यांदाच कळत होतं. इतकी वर्षं मी ती नापास झाली असं धरून चालले होते. ती चोर ठरली होती.

मग मी घाईघाईनं प्रशिक्षणाचं सांगितलं. साहेब, पडदा, पिवळे शब्द, सगळं. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिचं तोंड फुलत गेलं, परीक्षेच्या फाटकाशी फुललं होतं तसं. सूप तिनं बाजूला ठेवलं.

"मंग आता तं चांगलंच चालू असन शाळेत," ती म्हणाली. "आपल्या बारक्या पोरी रंगवते ना अजून?"

मी म्हणाले, "नाही. तेव्हाच बंद केलं. तुझं असं झाल्यावर."

तिला आधी समजलंच नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता, पण या वेळी तिनं वाक्य तपासायला वेळही घेतला नाही.

"तुमाले काढलं असतं तं रंग बंद झाले असते, म्हणून मी तितं नाव नाई घेतलं तुमचं. आन् तुमीच बंद केले? मंग मी कायले चूप बसली होती, बाई?"

अंगणात त्या दोन बाया उभ्या होत्या. त्यांना मराठी कळत नव्हती, पण त्याही माझ्याकडे बघत होत्या. आणि मंडळाच्या कार्यालयात बघितलं होतं तसं मी पुन्हा खाली बघितलं.